रेड्याच्या कड्यावरचं वऱ्हाड

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, त्या वैशाखातली ही गोष्ट. मथुराबाईच्या महिपतीचं लग्न होतं. मुलगी डोंगरापलीकडच्या बोरखडीची आणि मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा. वैरागहून पहाटे यायचा ट्रक काही आला नाही. सातच्या सुमाराला सायकलवरून निरोप आला, ट्रकचा पाटा तुटला. सडकेनं बोरखडी वीस मैल, बैलगाडीला संध्याकाळ झाली असती. डोंगरावरून मात्र पाचच मैल.

"चला की मग डोंगरानं," महिपतीचे थोरले चुलते कुंडलिक म्हणाले. "वाट कुनाला ठावं हाय?"

सगळ्यांनी मथुराबाईकडं पाहिलं. दुष्काळात वाडीतले लोक वैरागच्या बाजूला तलावाच्या कामावर गेले होते. ती एकटीच डोंगर ओलांडून पलीकडं खडी फोडायच्या कामावर जायची, कारण तिथं मावसबहिणीकडं मुक्कामाची सोय होती. नवरी मुलगी मुक्ता, तिला तिनं तिथंच पाहिलं. बोटावर हातोडी बसली तरी चिंधी गुंडाळून पुन्हा खडी फोडायला बसणारी पोरगी. सून करीन तर हीच, असं तिनं तेव्हाच मनाशी ठरवलं होतं.

पण मथुराबाई विधवा. वऱ्हाडाच्या पुढं सवाष्ण चालायची, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. वरमाईच्या मानाला थोरली जाऊ गोजरबाई ठरलेली होती. मथुराबाईनं त्याला कधी हूं की चूं केलं नव्हतं. मांडवात मागं उभं राहून अक्षता पडलेल्या दिसल्या की तिला पुरे होतं. मात्र मुहूर्त टळला तर तेही गेलं, कारण विधवेच्या घरात पोरगी देऊ नका म्हणून मुक्ताचा चुलता आधीपासून टपून बसला होता.

"तू मागनं सांग, आमी पुढनं जातो," गोजरबाई म्हणाली.

"मागनं सांगून वाट गावती व्हय, आक्का?"

"न गावायला काय झालं? नांगर बी मागनंच हाकत्यात की."

"व्हय काकू, पर बैलाला डोळं असत्यात," हलगीवाला येडू म्हणाला.

"गप ए. बैल म्हनतोस व्हय रं मला?"

थोरल्या दिरासमोर मोठ्यानं बोलायची सोय नव्हती, त्यामुळं ओरडून वाट सांगणंही जमेना. मग येडूनंच तोड काढली. त्यानं मथुराबाईबरोबर शेवटाला चालायचं. डावीकडं वळायचं तर हलगीवर एक टोला, उजवीकडं तर दोन.

वऱ्हाड निघालं. तीस-बत्तीस माणसं, एकामागं एक. पुढं गोजरबाई, मग पिवळा धमक महिपती, हातातल्या कट्यारीच्या टोकाला लिंबू. नऊ वाजताच खडक तापले. काळा पाषाण, त्यातून वाळलेलं कुसळ आणि कुठंकुठं निष्पर्ण पळस. सावली म्हणावी अशी कुठंच नव्हती. बायकांनी लुगड्याचे कासोटे वर खोचले, नवी कोरी पायताणं पायाला लागायला लागली तशी गड्यांनी ती हातात घेतली आणि पुन्हा चटके बसले तशी पायात घातली.

पहिली दोन वळणं टोल्यांवर नीट पार पडली. तिसऱ्या ठिकाणी एका मोठ्या दगडाला वळसा होता आणि त्याच्यापुढं लगेच वाट फुटत होती. मथुराबाई दगडाअलीकडं असतानाच पुढची माणसं फाट्यावर पोचली. टोला पडेपर्यंत गोजरबाई थांबली नाही. डावी वाट रुंद दिसली, ती डाव्या वाटेनं गेली.

"आरं, तिकडं रेड्याचा कडा हाय," मथुराबाई दगडाला वळसा घालताच म्हणाली. येडूनं दोन टोले हाणले, चार हाणले, पुढच्यांना वाटलं हा लग्नाच्या रंगात आला. एक म्हातारं तर चालता चालता नाचलंसुद्धा. शेवटी ती दोघंही मागोमाग निघाली.

पाव मैलावर वाट संपली. समोर सरळ तुटलेला कडा आणि खाली, हाताच्या अंतरावर दिसावं तसं, बोरखडी. मांडव दिसत होता. मांडवाबाहेर माणसं दिसत होती. उतरायला मात्र घोरपडच हवी होती.

"किती वाजलं?" कुंडलिकांनी विचारलं.

"साडेअकरा."

"फिरा मागं!"

कड्यावरची वाट एका माणसापुरतीच होती. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला खोल दरी. कुणी कुणाला ओलांडून जाईल अशी सोय नव्हती. प्रत्येकजण जागच्या जागी वळला आणि सगळ्यात शेवटी असलेली मथुराबाई सगळ्यात पुढं झाली.

फाट्यावर ती पोचली तेव्हा जागा ऐसपैस होती. मागून गोजरबाईचा आवाज आला, "मथुरे, थांब गं! मला फुडं येऊ दे!"

मथुराबाई थांबली. बाजूला व्हायची सवय पायांना होती, ते आपोआप दोन पावलं सरकलेही. गोजरबाई अजून कड्यावरच होती, एक हात भिंतीला धरून, तांब्या सांभाळत, पाऊलभर वाट चाचपडत. तिला यायला, मग सगळ्यांना पुन्हा रांग लावायला, पाव तास तरी सहज गेला असता. मथुराबाईनं एकदा सूर्याकडं पाहिलं, पदर डोक्यावरून कानामागं खोचला आणि उजव्या वाटेला लागली. मागं वळूनही पाहिलं नाही.

"आई चालली," कड्यावरून नुकताच फाट्यावर आलेला महिपती म्हणाला आणि थांबलेल्या माणसांतून पुढं होत तिच्यामागं निघाला. नवरा मुलगाच निघाला म्हटल्यावर वऱ्हाड काय करणार?

शिवेवर मुक्ताची आई भाकरतुकडा आणि पाण्याची घागर घेऊन उभी होती. बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. सगळ्यात आधी पोचली ती मथुराबाई, मोकळ्या कपाळाची, घोट्यापर्यंत धुळीनं माखलेली.

मुक्ताचा चुलता पुढं झाला. "वरमाई कुटं हाय?"

मथुराबाईनं दम घेतला. मागं उतारावर गोजरबाईचं हिरवं लुगडं अजून लांब दिसत होतं.

"पोराची आई मी," ती म्हणाली.

विहीण क्षणभर तिच्या कपाळाकडं पाहत राहिली. मग खडीवर दोन महिने पोरीला आपल्यातली भाकरी देणारी बाई हीच, हे तिला आठवलं असावं. ती वाकली आणि मथुराबाईच्या पायांवर घागर ओतू लागली.

अर्धी घागर झाली तेव्हा गोजरबाई धापा टाकत पोचली. तिनं सगळं पाहिलं. सगळ्यांना वाटलं, आता भांडण पेटणार.

"सगळं पानी तिलाच वतनार व्हय?" तिनं पायातलं वाटेत तुटलेलं पायताण भिरकावलं आणि मथुराबाईच्या शेजारी पाय टेकवले. "वत हिकडं. अन् उरक गं बाई, मुहूर्त चालला."