दुर्गाबाईंचा गोष्टीचा तास

“कोण, कुठे, केव्हा, काय झालं, का झालं आणि शेवट.” फळ्यावरच्या सहा ओळी दुर्गाबाईंनी पट्टीने एकेक करून दाखवल्या. “यातली एक जरी राहिली तरी गोष्ट लंगडी पडते. आता आपल्या घरातलं काहीही सांगा. कोण सांगतं?”

परळच्या म्युनिसिपल शाळेत एकवीस वर्षं त्या चौथीच्या मुलींना हे शिकवत आल्या होत्या. सोमवारी इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला यायचे होते, म्हणून आज उजळणी.

शेवंती उभी राहिली. एरवी आपणहून कधी न बोलणारी मुलगी.

“कोण?”

“माझे बाबा. दगडू.”

“कुठे?”

“नाक्यावर.”

“केव्हा?”

“गेल्या वर्षी, जानेवारीत. गोळीबार झाला तेव्हा.”

दुर्गाबाईंनी तिथेच थांबायला हवं होतं. पण सवयीने पुढचा प्रश्न तोंडातून गेलाच. “का गेले होते?”

शेवंती फळ्याकडे बघत म्हणाली, “चाळीतले बुधाजीकाका म्हणतात, संयुक्त महाराष्ट्रासाठी गेलेले. मोर्च्यात सगळ्यांच्या पुढे होते. आई म्हणते, रॉकेल आणायला गेलेले.”

“माझी आजी म्हणते, ते नुसते बघत उभे होते,” मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली.

“बाई, मग मी कुठलं सांगू?”

दुर्गाबाईंनी पट्टी टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली. “बस तू. उद्या सांगते.”

संध्याकाळी गिरगावात घरी आल्यावर त्यांनी हे वडिलांच्या कानावर घातलं. अप्पांनी तीस वर्षं कोर्टात लोकांच्या जबान्या लिहून घेतल्या होत्या.

“जे खरं असेल ते सांगावं. त्यात अडचण कसली?”

“खरं कुठलं, तेच कळत नाही ना.”

“आमच्याकडे कागदावर यायचं ते खरं.”

“आणि कागदावर काही आलंच नसेल तर?”

अप्पांनी वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात शेवंतीची आई, लक्ष्मी, उभी होती. तिला पुढे मिलमध्ये पाळीला जायचं होतं.

“बाई, पोर काल घरी येवन जेवली नाय. तिका काय विचारलात?”

“चुकलं माझं. विचारायला नको होतं.”

लक्ष्मी पायरीवर टेकली. “त्यांका मियाच धाडलंय. घरात रॉकेल नव्हतां. ‘आज नको, भायर गडबड आसा,’ म्हणत होते. मिया आयकलंय नाय. आता बुधाजीभावजी चाळीत फोटो लावतत. खाली ‘लढ्यात पडले’ म्हणून लिवतले. मिया गप्प रवलंय.”

“पण लढ्यात नव्हतेच का ते?”

“होते तर. आदल्या दिवशी घसो बसापर्यंत घोषणा दिल्यानी. त्या दिवशीपण डबो हातात घेवन मोर्च्यात घुसले असतीत. नायतर रांगेत उभे असतीत. कोणाक म्हायत? तुमी शिकलेल्या. तुमीच सांगा, काय खरां?”

तिच्याशेजारी बसावं की उभं राहावं, तेही दुर्गाबाईंना ठरवता येईना. “मला नाही सांगता येत,” त्या शेवटी म्हणाल्या.

लक्ष्मीने मान हलवली. मिलचा भोंगा झाला तशी ती उठून चालू लागली.

सोमवारी शेवंतीला उभं करायचं नाही, असं दुर्गाबाईंनी ठरवून ठेवलं होतं. दोन हुशार मुलींना त्यांनी गोष्टी तयार करायला लावल्या होत्या. पण साहेबांनी स्वतःच तिसऱ्या बाकाकडे बोट केलं. “तू. सांग एखादी गोष्ट.”

शेवंती उठली. “एक माणूस होता. त्याचं नाव दगडू. तो चाळीत राहायचा. एकदा जानेवारीत दुपारी तो जेवला. बायकोला म्हणाला, आमटी छान झाली. लेकीची वेणी सुटलेली, ती त्याने घातली. त्याला नीट घालता येत नव्हती. मग तो बाहेर गेला.”

ती खाली बसली.

“का गेला? आणि शेवट काय झाला?” साहेबांनी विचारलं.

शेवंतीने दुर्गाबाईंकडे पाहिलं. मग सगळा वर्ग त्यांच्याकडे पाहू लागला.

“साहेब, गोष्ट एवढीच आहे,” दुर्गाबाई म्हणाल्या. आपला आवाज इतका शांत कसा, याचं त्यांनाच नवल वाटलं.

“बाई, फळ्यावर तुम्हीच सहा लिहिलेत. इथे दोन राहिले.”

“हो. राहिले.”

शाळा सुटल्यावर मोठ्या बाईंनी त्यांना खोलीत बोलावून शेरेबुक पुढे केलं. ‘मुलींना गोष्टीचे घटक समजलेले नाहीत. शेवट सांगता येत नाही. शिक्षिकेने लक्ष द्यावे.’ एकवीस वर्षांत असा शेरा त्यांना पहिल्यांदाच मिळाला होता.

“तुमचा काही खुलासा असेल तर खाली लिहा,” मोठ्या बाई हलकेच म्हणाल्या. “जागा आहे.”

दुर्गाबाईंनी टाक शाईत बुडवला आणि बराच वेळ कागदावर धरून ठेवला. मग खुलाशाची जागा कोरीच ठेवून पार तळाशी सही केली, तारीख घातली आणि वही बंद न करता, शाई वाळेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.