फरशीखालचा आड

मी एक जुना आड आहे, मित्रांनो. तुम्ही म्हणाल, कुठे आहे? दिसत तर नाही! अरे, दुपारी ज्या शहाबादी फरशीवर बसून तुम्ही चिंचोके खेळता ना, तिच्याच खाली मी आहे.

मला ग्यानबाने खोदलं. त्याचं घर शेळ्या-मेंढ्या पाळणारं. आधी काळी माती लागली, मग मुरूम, मग खडक. लोक हसले. "खडकावर डोकं काहून फोडून राहिला ग्यानबा?" म्हणाले. पण गडी हट्टाला पेटलेला. शेवटी खडक फुटला आणि झरा लागला. त्याच्या बायकोने, नर्मदाबाईने, पहिली घागर भरली आणि ते पाणी आधी सगळ्या गल्लीत वाटलं.

पुढे गावात नळ आला, पण त्याच्या पाण्याचा काही नेम नव्हता. उन्हाळ्यात माझ्या काठावर बायकांची झुंबड उडे. कुणाचं कुणाशी भांडण, कुणाची सोयरीक कुठे जुळली, मला सगळं ठाऊक! चहाला पाणी आडाचंच पाहिजे, असं पाहुणेही म्हणत. ते ऐकून मी जरा फुगलोही होतो, खोटं कशाला बोलू? पाणी स्वच्छ राहावं म्हणून नर्मदाबाईने माझ्यात एक कासव सोडलं होतं. ते मला लेकरासारखं होतं.

मग ग्यानबा गेला. हिंगोली वेगळा जिल्हा झाला आणि आमचं गावही हातपाय पसरू लागलं. त्याचा मुलगा सोमेश्वर याचं लग्न झालं. साखरा गावची पुनम सून होऊन आली. पहाटे अंधारात तिला लोटा घेऊन रानात जावं लागे. नर्मदाबाईच्या जिवाला ते लागलं. ती म्हणाली, "सोमेश्वर, सुनंला असं बाहीर पाठवणं बरं न्हाई. घरात संडास बांध."

तिचं अगदी खरं होतं. पण गावात नवा नियम आला होता. घरमालकाने संडासाचा खड्डा आडापासून ठरलेलं अंतर सोडूनच खोदायचा. मित्रांनो, तो नियम माझ्यासाठी होता! कुणीतरी माझा विचार केला, याचं मला केवढं अप्रूप वाटलं!

सोमेश्वरची जागा मात्र चिमूटभर. शेजारचा धर्मसिंग म्हणाला, "माझ्या परसात जागा हाय. दोघांत एकच खड्डा खोदू."

"आमची घाण तुमच्या दारात? लोक तोंडात शेण घालतील!" सोमेश्वर म्हणाला.

आणि त्याने युक्ती काढली. आडच नसला, तर अंतर कशापासून मोजणार? त्याने माझ्यावर फरशी टाकायचं ठरवलं. "तपासणीचे साहेब पाहून गेले की काढू," असं तो आईला म्हणाला. तिने मान हलवली, पण फरशी पडण्याआधी माझं कासव बादलीत काढून नदीला सोडून आली. तेव्हाच मी काय ते समजलो.

साहेब आले. फरशीवरच खुर्ची टाकून चहा प्याले. "इथं आड होता म्हणतात?"

"न्हाई साहेब," सोमेश्वर म्हणाला.

"आजी, तुम्ही सांगा. आड आहे का?"

मी अंधारात कान देऊन होतो. ती खोटं बोलणार नाही, याची मला खात्री होती. पण पुनमला तेव्हा दिवस गेले होते.

"न्हाई," नर्मदाबाई म्हणाली.

मला तिचा फार राग आला. आणि त्याहून जास्त, तिचा चेहरा बघावासा वाटला.

फरशी काही निघाली नाही. खड्डा माझ्या कुशीलाच खोदला. हळूहळू घाण मुरमातून माझ्यापर्यंत झिरपली. कितीक वर्षं मी एका उजेडाची वाट पाहिली.

मग एका साली पाऊस रुसला, नळ आटला, आणि सोमेश्वरने पहार घालून फरशी उचलली. ऊन आत आलं! काठावर नर्मदाबाई वाकली होती, केस पांढरेशुभ्र झालेले. बादली सरसर खाली आली. मी होतं नव्हतं ते सगळं तिच्यात ओतलं.

वर शेळीने बादलीत तोंड घातलं आणि फिरवून घेतलं.

नर्मदाबाई काठावर बसली आणि आत बघत म्हणाली, "पाणी न्हाई रे नासलं. माझी जीभ नासली."

त्यानंतर सोमेश्वर आपणहून धर्मसिंगकडे गेला. खड्डा आता त्याच्या परसात आहे. पण मुरलेली घाण एका दिवसात निघत नाही, म्हणून फरशी पुन्हा माझ्यावर आली. माझ्या पाण्यात आभाळ उतरायचं, त्याची मला फार आठवण येते.

मित्रांनो, तुमच्या अंगणातही माझा एखादा भाऊबंद असेल. उद्या कुणी साहेब येऊन विचारतील, "इथं आड आहे का?" मोठी माणसं गप्प बसली, तरी तुम्ही "हाय" म्हणा.