मधली फळी

मी एक जुना साकव आहे. साकव म्हणजे ओढ्यावरचा लहानसा लाकडी पूल, हे तुमच्यापैकी काहींना सांगावे लागेल, कारण हल्ली तुम्हाला पूल दिसतात ते मोटारीच्या खिडकीतून. माझ्यावरून मोटार कधी गेली नाही. सायकलसुद्धा लोक खाली उतरून हाताने ढकलत नेतात. मित्रांनो, मी फक्त पायांसाठी आहे, आणि माणूस खुशीत चाललाय की कुढत, हे मला त्याच्या पावलांवरून कळते.

टेकडीवरच्या राखीव जंगलात माझा मुक्काम आहे. अलीकडच्या गावाला लागून जंगलाचे फाटक आहे. तिथून एक वाट झाडांच्या सावलीत सावकाश चढते, माझ्यापर्यंत येते, मला ओलांडते आणि उतरत उतरत पलीकडच्या गावात जाते. फाटकावरच्या फलकावर तिचे नाव 'सोपी वाट' असे लिहिले आहे. दुखऱ्या गुडघ्यांच्या आजी, कडेवरून उतरायला तयार नसलेली बाळे, नवे कोरे बूट मिरवायला आलेले हौशी, सगळ्यांना ती झेपते. फक्त दोन माणसांना ती फार अवघड गेली. त्यांचीच गोष्ट मला सांगायची आहे, कारण मला बांधले ते त्यांनीच.

ते दोघे सख्खे भाऊ, अलीकडच्या गावातले सुतार. लहानपणापासून एकाच रंध्यावर त्यांचा हात बसलेला. पुढे धाकट्याचे लग्न पलीकडच्या गावात झाले आणि सासऱ्यांना हाताखाली माणूस नव्हता म्हणून तो तिकडेच राहायला गेला. मोठ्या रस्त्याने जायचे तर टेकडीला पुरता वळसा, आणि जंगलातून यायचे तर मध्ये ओढा. पाणी चढले की दोघे दोन काठांवर उभे राहून ओरडून बोलत. घसे बसत, आणि अर्धे बोलणे पाण्याच्या आवाजात वाहून जाई. शेवटी थोरला वैतागला. "आपण सुतार असून असं बोंबलत बसायचं? लोक हसतील. साकव टाकू."

दोन भावांना भेटता यावे, एवढ्यासाठी मी जन्माला आलो.

लाकूड पाण्याजवळ राहिले की कुजते. त्यामुळे दर वर्षी पाऊस सरला की दोघे यायचे आणि माझ्या खराब झालेल्या फळ्या बदलायचे. अलीकडची बाजू थोरल्याची, पलीकडची धाकट्याची, अशी वाटणी होती. राहिली बरोबर मधली फळी. ती कुणाची? यावर दोघांनी तासभर हुज्जत घातली आणि मग ठरवले की ती दोघांची. तिला कुणी एकट्याने हात लावायचा नाही. एकाने एक टोक धरायचे, दुसऱ्याने दुसरे. फळी बसली की थोरला हमखास डोळा बारीक करून म्हणायचा, "तुझं टोक वर आलंय." आणि धाकटा म्हणायचा, "तुझंच खाली गेलंय." फळी अगदी समतल असायची, बरे का! मग त्याच फळीवर पाय खाली सोडून दोघे बसत आणि थोरल्याच्या बायकोने थर्मासमधून दिलेला चहा पीत. धाकट्याची लहान मुलगी दोघांच्या मध्ये घुसून बसायची. थोरला तिला चिमणी म्हणायचा. ते माझे सुखाचे दिवस होते.

काही वर्षांनी जंगल राखीव झाले. फाटक आले, तिकिटाची खोली आली, फिरायला येणारी माणसे आली. सगळे माझ्यावर थांबून ओढा बघत आणि माझे कौतुक करत. एके दिवशी जंगल खात्याचे साहेब छायाचित्रकाराला घेऊन आले. त्या दिवशी नेमके दोघे भाऊ मधली फळी बसवत होते, आणि थोरल्याच्या हातून हातोडा निसटून खाली ओढ्यात पडला. धाकटा लगेच पाण्यात उतरला. "साकव कुणी बांधला?" साहेबांनी विचारले. "मी," थोरला म्हणाला. छायाचित्रकाराला घाई होती. त्याने थोरल्याला मधल्या फळीवर उभे केले, सरळ बघायला सांगितले आणि काम उरकले.

थोरल्याने एवढेच म्हणायला हवे होते, की थांबा, माझा भाऊ खाली हातोडा शोधतोय. मी ओरडून सांगितले असते, पण मला तोंड कुठे आहे?

धाकटा वर आला तेव्हा त्याची विजार मांड्यांपर्यंत भिजली होती. साहेब थोरल्याशी हस्तांदोलन करत होते. धाकट्याने सगळे पाहिले, हातोडा माझ्या कठड्यावर ठेवला आणि आपल्या गावाकडे उतरला. थोरल्याला वाटले, राग नाकावर आहे त्याच्या, उद्या येईल. उद्या तो आला नाही. पुढे ते छायाचित्र मोठे करून तिकिटाच्या खोलीत लावले. खाली लिहिले होते, 'साकव बांधणारे कारागीर.' त्यात एकच माणूस होता. धाकट्याने ते एकदा जाऊन पाहिले, आणि त्याच्या मनात कायमची अढी बसली.

त्यानंतरही माझी निगा राहिली. दोघेही कामाला पक्के. पण थोरला एका दिवशी यायचा आणि धाकटा दुसऱ्या. आपापल्या बाजूच्या फळ्या बदलायच्या, तेल लावायचे आणि जायचे. मधल्या फळीपाशी आले की दोघांचेही घोडे अडायचे. थोरला तिच्यावर टाच आपटून बघायचा आणि पलीकडच्या वाटेकडे नजर लावून उभा राहायचा.

"अहो, एक फळी ती काय! टाका की बदलून," त्याची बायको म्हणायची.

"दोघांची आहे ती. त्यानं यावं."

आणि पलीकडच्या बाजूने धाकटा आपल्या मुलीला सांगायचा, "मोठा तो आहे. त्यानं हाक मारावी."

मला दोघांचेही ऐकू यायचे. माझ्या अंगात खिळे रुतलेले होतेच, पण ती वाक्ये जास्त रुतली.

चिमणी मोठी झाली. फिरायला आलेल्या लोकांना सोपी वाट दाखवायचे काम तिने धरले. ती माझ्यापाशी आली की म्हणायची, "हा साकव माझ्या बाबांनी आणि काकांनी मिळून बांधलाय. मधली फळी जरा जपून, लांब पाऊल टाका." एवढ्या चकचकीत फळ्यांत एकच काळी, भेगाळलेली फळी बघून लोकांना नवल वाटे. एका गृहस्थांनी बायकोला समजावले की ती पुरातन असणार, मुद्दाम जतन केली असेल. दोघांनी तिचा फोटोही काढला. चिमणी हसली, पण तिचे पाऊल जड पडले.

तिने प्रयत्न केले नाहीत असे नाही. "बाबा, मी धरते दुसरं टोक," ती म्हणाली. "तुझं काम नाही ते," बाप म्हणाला. मग ती काकांकडे गेली, तर तिथेही तेच.

एके सकाळी एका आजोबांचा पाय त्या फळीतून आरपार गेला. चिमणीने त्यांना काखेत धरून ओढले म्हणून बुटावर निभावले. बूट ओढ्याने नेला. वनरक्षकाने फुटलेली फळी उपसून टाकली, माझ्या दोन्ही टोकांना दोर बांधला आणि 'वाट बंद' अशी पाटी लटकवली. सोपी वाट आता माझ्यापाशी येऊन मागे फिरायची. दोन गावांची पावले माझ्यावर उमटेनाशी झाली. झाडांची पाने पडत, कुजत, आणि मी पडून होतो.

त्या थंडीत थोरल्याने अंथरूण धरले. चिमणी बापाला घेऊन पलीकडच्या टोकाशी आली. धाकट्याने दोर वर केला, मधली पोकळी वितीने मोजली.

"बाबा, आधी काकांना भेटून येऊ. रस्त्यानं जाऊ गाडीनं."

"जायचंच आहे गं. पण इतक्या वर्षांनी रिकाम्या हातानं कसा जाऊ? फळी बसवतो आणि साकवावरून चालत जातो. त्याला बरं वाटेल."

"मग बसवा ना आजच!"

"फळीसाठी कापलेलं लाकूड ओलं आहे अजून. ओली फळी वाकते. बरा होऊन आला की तो आधी तीच खोड काढेल."

मी दुसऱ्याच्या घरात काय चाललेय ते पाहू शकत नाही. पण धाकटा त्या दिवसांत रोज वाट चढून यायचा, पोकळीकडे बघायचा आणि परत जायचा. त्याच्या पावलांत इतकी घाई मी आधी कधी ऐकली नव्हती. लाकडाला मात्र घाई नसते, हे माझ्याइतके कुणाला माहीत! फळी सुकली. तोवर थोरला गेला. धाकट्याला मोठ्या रस्त्यानेच धावावे लागले, आणि पोहोचला तेव्हा बोलण्यासारखे काही उरले नव्हते.

काही दिवसांनी थोरल्याच्या बायकोने चिमणीकडून निरोप धाडला, की भाऊजींना म्हणावं, साकवावर या. बापलेक आले. धाकट्याच्या खांद्यावर त्याची फळी होती, रंधा मारून गुळगुळीत केलेली. समोरून वहिनी आली. तिच्यामागे वनरक्षक होता आणि त्याच्याही खांद्यावर एक फळी होती. मध्ये पोकळी, आणि खाली पाणी.

"भाऊजी, तुमची राहू द्या," वहिनी म्हणाली. "ह्यांची आणलीय."

ती फळी नवी नव्हती. तेल पिऊन पिऊन काळसर झाली होती, पण सुतासारखी सरळ होती.

"ही कधी केली त्यानं?"

"तुम्ही हातोडा ठेवून गेलात ना, त्याच्या पुढच्याच वर्षी. तेव्हापासून दाराआड उभी आहे. दर वर्षी काढायचे, तेल लावायचे, परत उभी करायचे. मी म्हणायचे, बसवून टाका एकदाची. तर म्हणायचे, एकट्यानं कशी बसवू? दुसरं टोक धरायला तो यायचाय."

धाकटा माझ्यावर मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडला. वहिनीही रडली. मी लाकडाचा आहे, तरी मलाही फार वाईट वाटले.

मग तो उठला. वहिनीने तोच जुना हातोडा त्याच्या हातात दिला. तिने एक टोक धरले, त्याने दुसरे. फळी पोकळीत अशी बसली की बोटही शिरू नये. खिळे ठोकून झाले, तरी धाकटा गुडघ्यावरून उठेना. तो समोर, वहिनीच्या हातांपलीकडे बघत राहिला.

"कुणीतरी म्हणा ना," तो म्हणाला, "तुझं टोक वर आलंय म्हणून."



मित्रांनो, दोर सुटला, वाट पुन्हा सुरू झाली. चिमणी लोकांना घेऊन येते, आणि मधल्या फळीवर कुणी लांब पाऊल टाकत नाही. धाकटा दर वर्षी येऊन माझ्या दोन्ही बाजू दुरुस्त करतो. त्याने केलेली फळी माझ्या खांबाला टेकून तशीच उभी आहे. ऊन-पावसाने ती आता वाकली. वहिनीने दोनदा सांगूनही तो ती हलवू देत नाही.

माझ्यावर उड्या मारू नका, कठड्यावर नावे कोरू नका, पाऊस सरला की मला तेल मिळेल एवढे बघा. हे तर मी सांगणारच, म्हातारा झालोय. पण तुमचे कुणाशी बिनसले असेल आणि त्याला भेटायला जाताना काहीतरी नीटनेटके घेऊन जावे म्हणून तुम्ही थांबला असाल, तर थांबू नका. लाकूड ओले असेल तर ओलेच न्या. फळी वाकली तर वाकली. पुढच्या वर्षी दोघे मिळून बदलता येते.