पाण्याखालची पाटी

मित्रांनो, एका पत्राला सहा वर्षे उत्तर गेले नाही, आणि त्यात थोडा दोष माझाही असावा. पत्र मला आलेले नव्हते. मला कोण पत्र लिहिणार? मी प्लॅस्टिकची एक जुनी पाटी. एके काळी पांढरीशुभ्र होते, आता म्हाताऱ्याच्या दातांसारखी पिवळी पडले आहे. पण मी साधी पाटी नाही बरे का. मी पाण्याखाली लिहून घेते.

एका कारखान्यात मोठ्या तक्त्यातून मला कापले, कोपरे घासून गोल केले आणि वरच्या भोकातून दोरी ओवून तिला शिसपेन्सिल बांधली. शिसपेन्सिल पाण्यातही उमटते. मला विकत घेतले एका ग्रंथपालांनी. माणूस इतका लाजाळू, की दुकानदाराने सुटे पैसे कमी दिले तरी त्यालाच 'माफ करा' म्हणून बाहेर पडला. ग्रंथालयात त्यांनी माशांवरची सगळी पुस्तके वाचून काढली होती. सुट्टी लागली की ते मला मनगटाला अडकवून प्रवाळांच्या किनाऱ्यावर जात. डोळ्यांवर काच, तोंडात श्वासाची नळी, पायांत रबरी पंख. पाण्यात पालथे पडले की त्यांचा लाजरेपणा कुठल्या कुठे जाई.

तिथे एक बोटवाली होती. वयाने त्यांच्याहून लहान, पण अख्खा किनारा तिला मावशी म्हणे, म्हणून तेही म्हणत. ती त्यांना म्हणे पाटीवाले. तिने एकही पुस्तक वाचले नव्हते आणि तिच्या नजरेतून काही सुटत नसे. नळी तोंडात असली की बोलता येत नाही, म्हणून ती खुणा करी. तळहातावर तळहात ठेवून अंगठे हलवले, की कासव. बोटे वळवळली, की ऑक्टोपस. मालक वळून बघत आणि मग माझ्यावर लिहीत : का १, ऑ १. पोपटमासे प्रवाळ कुरतडायचे, त्याचा कुरुमकुरुम आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येई. समुद्रफुलांच्या झुलत्या बोटांत नारिंगी विदूषकमासे लपंडाव खेळत. अकरा वर्षे मी हे सारे अंगावर मिरवले आणि रोज संध्याकाळी ओल्या वाळूने घासून कोरी झाले. ते घासणेसुद्धा मला आवडे.

घासण्याआधी माझ्यावरचा मजकूर किनाऱ्यावरच्या मोठ्या वहीत उतरे. त्या वहीचा एक नियम होता. दोघांनी पाहिलेले शाईने लिहायचे. दोघांपैकी एकाला जरी खात्री नसली तरी पेन्सिलीने, पुढे प्रश्नचिन्ह घालून. प्रश्नचिन्हाची नोंद कुणी मोजत नसे.

एका सकाळी मालक माझ्यावर पोपटमासे मोजून लिहीत होते. पाच की सहा, याची त्यांना शंका होती. त्यांना नेहमीच शंका असे. तेवढ्यात मावशीने दोन्ही मुठींनी लगाम धरल्यासारखे केले आणि पाण्यातल्या पाण्यात टणाटण उड्या मारल्या. मालकांनी पाचाचे सहा केले. मग पुन्हा पाच केले. मान वर केली तेव्हा मावशी नुसती हातांनी 'गेला, गेला' करत होती.

बोटीत चढताच ती म्हणाली, "दिसला ना, पाटीवाले? समुद्रघोडा! एवढास्सा, करंगळीएवढा, शेपटीने फांदी धरून बसलेला!"

मालक केस पुसत राहिले.

"अहो, बोला की! अकरा वर्षं शोधतेय मी त्याला."

तिचा चेहरा असा उजळला होता, की त्यांना नाही म्हणवेना. "हो," ते म्हणाले. "म्हणजे... हो."

संध्याकाळी वहीपुढे मात्र खोटे लिहवेना. त्यांनी पेन्सिलीने लिहिले : समुद्रघोडा १, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

त्या जागी बोटींनी नांगर टाकू नये, म्हणून बोटी अडकवायला पाण्यावर एक तरंगते पिंप बांधायचे ठरत होते. पण त्यासाठी तिथे समुद्रघोडा असल्याची शाईची नोंद हवी होती. पिंप बांधले नाही. नांगर पडत राहिले, प्रवाळ मोडत राहिले. बाकीचे बोटवाले मावशीला विचारू लागले, "काय मावशी, आज घोडा की हत्ती?"

मग ते पत्र आले. तोवर मालकांचे गुडघे कुरकुरू लागले होते आणि ते शहरात थोरल्या बहिणीकडे राहायला आले होते. "पाटीवाले, वही पाहिली. बोटीत हो म्हणालात आणि वहीत प्रश्नचिन्ह. तुम्ही पाहिला होता की नाही? काय असेल ते एका ओळीत कळवा. मी रागावणार नाही. खोटं कशाला सांगू, रागावेन. पण कळवा."

त्यांनी नऊ वेळा उत्तर लिहायला घेतले. 'हो' लिहिले तर पुन्हा खोटे. 'नाही' लिहिले तर आधीचे खोटे उघडे. शेवटी पत्र आणि मी एकाच पिशवीत कपाटावर गेलो. शेजारी मोडकी छत्री होती. तिच्याशी माझे कधी पटले नाही.

गेल्या आठवड्यात ताईंनी कपाट आवरायला काढले. "ही पाटी टाकू का रे? आणि हे काय? पत्र?" चष्मा सरळ करून त्यांनी ते वाचले. "सहा वर्षं? तिने ओळ मागितली होती एक, ग्रंथ नव्हता मागितला!"

"तिला काय वाटेल, ताई?"

"सहा वर्षं तिला काय वाटतंय, ते विचार की आधी! चाळीस वर्षं लोकांना पुस्तकं वेळेवर परत करायला लावलीस ना?"

मालकांनी मला पुसले. कागदाची त्यांना भीती वाटते, म्हणून आधी माझ्यावर लिहिले. किती वर्षांनी पेन्सिल अंगावरून चालली! "मावशी, मी पाहिला नाही. मी मान खाली घालून लिहीत होतो. बोटीत खोटं बोललो. पण अकरा वर्षांत तुम्ही खूण केली आणि तिथे काही नव्हतं, असं एकदाही झालं नाही. हे पत्र वहीत चिकटवा. गुडघे साथ देतील तोवर मी येतो. पुन्हा दाखवा. या वेळी पाटी घरी ठेवून येईन."

शेवटची ओळ वाचून मला बोचले, नाही म्हणत नाही. पण ती खरी आहे. त्या सकाळी माझी पाठ समुद्राकडे होती आणि तोंड मालकांकडे. त्यांचे डोळे माझ्यावरच होते, हे पाहणारी मी एकटीच. मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू जपून वापरा, धुऊन पुसून ठेवा; पण कुणी हौसेने काही दाखवत असेल, तर आम्हाला बाजूला ठेवून आधी वर बघा. दिसले नाही तर तसे सांगा. त्याने कुणी लहान होत नाही.

मालकांनी मजकूर कागदावर उतरवला आणि चप्पल घालून खाली गेले. मी खिडकीतल्या टेबलावर होते. समोरच्या फुटपाथवर टपालपेटी आहे. त्यांनी पाकीट आत सरकवले, परत ओढले, पत्ता वाचला.

"टाक रे!" ताई खिडकीतून ओरडल्या.

त्यांनी टाकले.