लढाईच्या आधीचं इंजिन

गोरखला एक खोड होती. कुणी खेळण्यातलं वाफेचं इंजिन समोर आणून ठेवलं, की तो आधी ते उलटं करायचा. मालक पितळी बॉयलरकडे नाहीतर लाल चाकाकडे कौतुकानं बघत असायचा आणि हा तळाच्या पत्र्याला डोळे लावून बसलेला. मग सुरू व्हायचं: हा स्क्रू कधीचा, हा रंग कुठला, ही शिट्टी मागाहून कुणी बसवली. चहा गार व्हायचा, मालकाला जांभया यायच्या, तरी हा थांबत नसे. तळेगावच्या शाळेत टेक्निकल विषय शिकवून गेल्या वर्षीच निवृत्त झालेला माणूस. त्याला समोर वर्ग लागायचा, आणि वर्ग नसेल तर एखादा बापडाही चालायचा. पुण्याहून, मुंबईहून हौशी लोक त्याला इंजिनांचे फोटो पाठवायचे. वय सांगण्यात तो सहसा चुकत नसे आणि हे तो स्वतःच चारचौघांत सांगत असे.

पण ज्या इंजिनामुळे त्याला हे वेड लागलं, त्याचं वय मात्र त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

त्याचे वडील हनुमंतआबा लोणावळ्याला, भुशीच्या वाटेवरच्या एका शेठजींच्या बंगल्यात माळी होते. बंगला वर्षातला बराच काळ बंद. किल्ल्या आबांच्या कमरेला. कान्ह्याहून लोकलनं जायचे, लोकलनं यायचे, आणि बंगल्यातली काडी कधी इकडची तिकडं झाली नाही. "ज्याची वस्तू त्याच्या हातात," असं ते उठता बसता म्हणायचे. घरात पोरांनी कुणाची पेन्सिल आणली, तरी जेवण बाजूला ठेवून ती परत करायला पाठवायचे.

आणि एके दिवशी थोरल्या अमृतच्या ट्रंकेत, जुन्या सदऱ्यात गुंडाळलेलं, वाफेवर चालणारं इंजिन सापडलं.

तसलंच इंजिन आबांनी बंगल्यातल्या काचेच्या कपाटात पाहिलं होतं. शेठजींनी ते लढाईच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या, आधी विलायतेहून आणलं, असं बाईसाहेब पाहुण्यांना सांगायच्या. बंगल्यातून काही तक्रार आली नव्हती, कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. पण तक्रार यायची वाट बघणं आबांच्या स्वभावात नव्हतं. अमृत जीव तोडून सांगत होता, की तळेगावच्या कारखान्यात मशिनं बसवायला आलेल्या इंग्रज इंजिनिअरला मी डबा पोचवायचो, गावी परत जाताना त्यानंच मला हे दिलं. आबांनी इंजिन टॉवेलात बांधलं, धाकट्या गोरखला बरोबर घेतलं आणि लोणावळा गाठलं. बंगल्याच्या व्हरांड्यात उभं राहून ते दोन्ही हातांनी पुढं केलं. "पोरगं चुकलं, बाईसाहेब." बाईसाहेब पत्ते खेळत होत्या. "असेल आमचंच, ठेव तिथं," म्हणाल्या आणि पुन्हा पत्त्यांत रमल्या.

त्याच आठवड्यात अमृत घर सोडून गेला. सुरतेला कुठल्याशा गिरणीत लागल्याचं कळलं. आई, म्हणजे आक्काबाई, वाट बघत बघत गेली, तिच्या मातीलाही तो आला नाही. पुढं तोच गेल्याचा निरोप आला. लग्न नाही, पोरबाळ नाही. एक माणूस असा पुसला गेला, की त्याचा घरात फोटोसुद्धा उरला नाही.

त्या दिवशी लोणावळ्याला जाताना लोकलमध्ये ते इंजिन गोरखच्या मांडीवर होतं. भावाची चोरी परत करायला निघालेला तो लहान पोरगा टॉवेलाच्या फटीतून त्या चाकाकडे हरखून बघत राहिला होता. हे आठवलं की आजही त्याला स्वतःची लाज वाटायची.

आता आबांनी नव्वदी गाठली होती. नजर अधू झालेली, पण डोकं शाबूत. गेल्या पावसाळ्यापासून त्यांनी एकच धोशा लावला होता. जेवताना, अंग पुसताना, मधेच हात धरून विचारायचे, "गोरख, म्या बराबर केलं न्हवं का?"

"व्हय आबा. बराबरच केलं."

थोड्या वेळानं ते पुन्हा तेच विचारायचे. त्या कोरड्या 'व्हय'नं त्यांचं समाधान होत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर गोरखचंही होत नव्हतं.

अशात बंगल्यातूनच फोन आला. शेठजींची नात स्नेहल बोलत होती. बंगला विकला होता, तिथं रिसॉर्ट होणार होतं, सामान आवरताना कपाटात एक इंजिन मिळालं. सरांचं नाव तिला पुण्यातल्या कुणीतरी सांगितलं होतं. हा माळ्याचा मुलगा, हे तिच्या गावीही नव्हतं. किती जुनं आहे ते बघाल का?

गोरखला वाटलं, बरं झालं. इंजिन लढाईच्या आधीचं निघालं, की ते बंगल्याचंच ठरतं, मग आबांनी केलं ते बरोबर. निघताना त्यानं आबांना सांगितलं, "आज इंजिनच बघून येतो. मग पक्कं सांगतो."  आबा नुसते त्याच्याकडे तोंड करून बसून राहिले.

बंगल्याच्या भिंतींना ओल आली होती आणि सगळीकडे खोकी पडली होती. स्नेहलनं इंजिन जेवणाच्या टेबलावर आणून ठेवलं. तेच होतं. लाल चाकाचा एक टवका उडालेला, तोसुद्धा त्याच्या ओळखीचा.

सवयीनं त्यानं ते उलटं केलं, आणि तिथंच थांबला.

"काय झालं, सर?"

"बर्नर," तो म्हणाला. "लढाईच्या आधी खाली स्पिरिटचा दिवा असायचा, वातीचा. पोरांचे हात भाजायचे, म्हणून पुढं तो बंद करून घट्ट इंधनाची वडी जाळायचा हा पत्र्याचा ट्रे आला. पण बर्नर काय, कुणीही बदलू शकतो."

एरवी असलं वाक्य तो दुसऱ्याला बोलू देत नसे. गिऱ्हाईक आपलं इंजिन जुनं ठरवायला असलीच कारणं काढायचं आणि हा ती उडवून लावायचा. आज तो स्वतःच कारणं शोधत होता.

त्यानं बॉयलर फिरवला. टोकाला पाणी दिसायची गोल काच होती, ती तर आणखी उशिराची. "बॉयलरही बदललेला असेल," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच पोकळ वाटला. मग त्यानं ट्रे काढून खालच्या पत्र्यावर बोट फिरवलं. ट्रे जिथं सरकतो ती खाच पत्र्यातच दाबून काढलेली होती, त्या ट्रेच्याच मापाची. कुठं कानस लागलेली नाही, रंगाखाली जुना रंग नाही. पत्रा जन्माला आला तोच वडीच्या बर्नरसाठी. याच्यापुढं बोलायला काही जागा नव्हती.

"सत्तरच्या दशकाच्या शेवटाचं आहे," तो म्हणाला. "लढाईशी याचा काही संबंध नाही." अमृतच्या ट्रंकेत सापडलं, तेव्हा हे इंजिन जेमतेम वर्षा-दोन वर्षांचं असणार.

"मग आजोबांनी आणलेलं ते आमच्या मुंबईच्या घरातलंच," स्नेहल सहज म्हणाली. "आमच्याकडे असंच एक आहे. बाबांनी कॉलेजात असताना इथून नेलं होतं. त्याला खाली वातीचा दिवा आहे. हे सापडल्यावर मला वाटलं, जोडीच असेल."

गोरख खुर्चीवर बसला. म्हणजे बंगल्यातून कधी काही गेलंच नव्हतं. आबांनी कपाटाकडे नजर टाकली असती, तर तिथं रिकामी जागा दिसली असती, पण ती शेठजींच्या पोरानं केलेली. चोरी झालीच नव्हती, आणि चोर मात्र घरातून निघून गेला होता.

"हे माझ्या भावाचं आहे," तो म्हणाला. इतक्या वर्षांत हे शब्द घरातल्या कुणाच्याही तोंडून निघाले नव्हते. मग त्यानं थोडक्यात सगळं सांगितलं.  स्नेहलनं इंजिन कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिलं आणि फाटकापर्यंत पोचवायला आली.

येताना लोकलमध्ये ते पुन्हा त्याच्या मांडीवर होतं. खिडकीबाहेर दाट मळभ होतं आणि भाताची खाचरं काळपट दिसत होती. सांगावं का, हा विचार त्यानं कान्हे येईपर्यंत केला. नव्वदीतल्या माणसाला खोटं सांगितलं तर कुणाचं काय जातंय? पण वय खोटं सांगायला त्याची जीभ रेटत नव्हती, आणि त्यातून हे अमृतचं इंजिन. त्याला आणखी एकदा खोटं कसं पाडायचं?

आबा बुद्धाच्या तसबिरीखाली खाटेवर बसले होते. गोरखनं इंजिन त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांची बोटं चाकावरून, चिमणीवरून हळूहळू फिरली.

"आबा, ह्ये लढाईच्या आधीचं न्हाई. आमृतच्या येळचंच हाय. बंगल्याचं त्यांच्यापाशीच हाय, मुंबईला. ह्ये आमृतचं."

आबांचं बोट चाकाच्या उडालेल्या टवक्यावर थांबलं.

"ठावं हाय," ते म्हणाले.

गोरखला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही. "काय ठावं हाय, आबा?"

"त्यानं सांगितलं व्हतं न्हवं. त्या गोऱ्याचं नाव सांगितलं, चल म्हनला, घर दावतो. मला खोटं न्हाई वाटलं रं." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "पन उद्या बंगल्यात कुनी म्हनलं असतं, माळ्याच्या घरात इंजिन कुटनं आलं, तर? माळ्याच्या पोराचं कोन ऐकनार व्हतं? किल्ल्या माझ्या कमरेला. म्हनून कुनी इचारायच्या आधीच दिऊन टाकलं."

गोरख त्यांच्याकडे बघत राहिला. इतके दिवस आबा विचारत होते तो प्रश्न इंजिनाचा नव्हताच. आपण मात्र स्क्रू आणि खाचा तपासत बसलो, याची त्याला शरम वाटली, आणि आबांचा राग आला, आणि त्या रागाचं करायचं काय तेही कळेना.

"बराबर केलं न्हवं का?" आबांनी विचारलं.

या वेळी गोरखच्या तोंडून 'व्हय' निघालं नाही.

 मग आबांनी इंजिन दोन्ही हातांनी उचललं आणि पुढं केलं, व्हरांड्यात केलं होतं तसंच. "ज्याची वस्तू त्याच्या हातात," ते म्हणाले. "घे. दिऊन ये आमृतला."

चाक जरासं फिरून थांबलं. घ्यायला गोरखचा हात पुढं झाला नाही.