गावचाच पोरगा

केसलरचा फोन आला तेव्हा वेन्डेल प्रुइट शाळेच्या आवारात गाडी लावायला जागा शोधत होता. टॅलमन गावात लग्नाला जमत नाहीत एवढी माणसं बास्केटबॉलला जमतात, आणि आज तर सामनासुद्धा नव्हता. एक पोरगा एका कागदावर सही करणार, एवढाच काय तो कार्यक्रम. कागद म्हणायचा आपला. तो फोनवर येतो आणि सही बोटाने होते. पण इंडियानात या सहीला बारशाची नि लग्नाची मिळून असते तेवढी शोभा असते, आणि ती चुकवणारा माणूस गावात तोंड दाखवू शकत नाही.

पोरगा होता टेव्हिन ओक्स, शाळेच्या संघाचा कप्तान. तो याच गावातल्या टॅलमन विद्यापीठाकडून खेळणार होता आणि त्याबदल्यात त्याचं शिक्षण, राहणं, जेवण सगळं फुकट होणार होतं. त्याला तिकडे वळवणारा माणूस म्हणजे वेन्डेल, विद्यापीठाचा दुय्यम कोच, जन्माने आणि शाळेने टॅलमनचाच.

"पोचलास?" केसलरने विचारलं. ग्रेडी केसलर मुख्य कोच, वेन्डेलचा साहेब.

"पोचलो. पण कागद अजून आलेला नाही टेव्हिनच्या फोनवर. मंडळी बसायला लागलीत."

"कागद येणार नाही."

वेन्डेलने गाडी होती तिथेच, वाट अडवून उभी केली.

"तो डेन्व्हरचा ब्रॅनिगन, त्याने पहाटे आपल्याकडे यायला हो म्हटलं," केसलर म्हणाला. "तीन वर्षं कॉलेजच्या मोठ्या संघातून खेळलेला गडी आहे. त्याच्यापुढे शाळकरी पोर घेऊन मी काय करू? फुकट शिक्षणाची जागा एकच होती, ती गेली."

"कोच, ती जागा टेव्हिनची होती. ऑक्टोबरात शब्द दिलाय आपण."

"तू दिलास. तरी मी त्याला हाकलत नाहीये. येऊ दे संघात, फी स्वतःची भरू दे, पुढच्या वर्षी बघू."

"त्याची आई लोकांचे केस कापते. फी कुठून आणणार ती?"

"कर्ज काढतात लोक. आणि हे बघ, आज काही बोलू नकोस. आपली टोपी घालू दे त्याला, फोटो निघू देत. संध्याकाळी घरी जाऊन नीट समजाव. तुझं ऐकतील ते. अरे, गावचाच पोरगा आहे. जातोय कुठे?"

फोन बंद झाला. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही. ऑक्टोबरात टेव्हिनने होकार दिला तेव्हाच वेन्डेलने कागदासाठी तगादा लावला होता, आणि तेव्हाही केसलर हेच म्हणाला होता: गावचाच आहे, एवढी घाई कसली, एप्रिलात देऊ. लांबच्या पोरांना मात्र घरी विमानाने जाऊन कागद दिले होते.

वेन्डेलने ओहायोत ब्रायर हिल कॉलेजच्या कोचला, स्लोटला फोन लावला. स्लोटला टेव्हिन हवा होता, दोन वर्षं तो त्याच्या मागे होता. पण या धंद्यातला एक अलिखित दंडक आहे: पोराने एकीकडे शब्द दिला की बाकीच्या कोचांनी त्याला फोन करायचा नाही. केला तर चोर म्हणतात. आणि ऑक्टोबरात वेन्डेलनेच स्लोटला कळवलं होतं, पोरगा आमचा झाला, आता हात काढा.

"स्लोट, टेव्हिन ओक्स मोकळा आहे."

"मोकळा म्हणजे? आज सही ना त्याची?"

"आम्ही शब्द फिरवला."

"अरे प्रुइट, मी तुझा शब्द पाळला रे," स्लोट म्हणाला. "महिन्यापूर्वी माझी शेवटची जागा भरली. तू थांबवलं नसतंस तर अजून त्या पोराच्या मागेच असतो मी."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. शिव्या दिल्या असत्या तर वेन्डेलला बरं वाटलं असतं.

कार्यक्रम शाळेच्या व्यायामशाळेत होता. तिच्या बाहेरच्या बोळात डेलफीन ओक्स भेटली, टेव्हिनची आई. अंगात विद्यापीठाचा हिरवा शर्ट, हातात हिरव्या साखरेचा केक. शाळेत ती वेन्डेलच्या एक वर्ष मागे होती आणि तेव्हापासून त्याची टिंगल करण्याचा हक्क तिने सोडलेला नव्हता.

"काय रे, मयताला आल्यासारखा चेहरा का? आज तरी दात दाखव!"

"डेलफीन, केक खाली ठेव."

"का?"

"ठेव आधी."

तिने तो भिंतीलगतच्या बाकावर ठेवला. वेन्डेलने सगळं सांगितलं, डेन्व्हरचा पोरगा, ब्रायर हिलची भरलेली जागा, संध्याकाळी समजाव म्हणणारा केसलर. काही लपवलं नाही आणि काही गोड केलं नाही. सांगताना तो तिच्याकडे बघू शकत नव्हता, केककडे बघत होता.

"माझ्या टेबलावर बसून जेवलास तू," ती म्हणाली. "परत परत वाढून घेतलंस. मी म्हटलं, ओहायोवाल्यांना धरून ठेवू का थोडे दिवस? तर म्हणालास, तसं करत नाहीत, बरं दिसत नाही."

"म्हणालो."

"बरं दिसत नाही!" ती हसली. "आता कसं दिसतंय?"

"मी टेव्हिनला सांगतो. आत्ताच, बाहेर बोलावून."

"थांब."

तिने दाराच्या काचेतून आत पाहिलं. पहिल्या रांगेत जोलीन ग्राबर बसली होती आणि तिच्याशेजारी तिचा मुलगा कोल, गुडघे छातीशी घेऊन. कोल दहावीत होता आणि सात फुटांना दोन बोटं कमी. देशभरातले कोच त्याच्यासाठी पाण्यात देव बुडवून बसले होते, आणि केसलर तर त्या सगळ्यांच्या पुढे.

"तुझा साहेब जोलीनला दर रविवारी फोन करतो ना?" डेलफीनने विचारलं. "चर्च सुटलं की? माझ्याच खुर्चीत बसून सांगते ती. काय बाई गोड बोलतो म्हणे."

तिच्या मनात काय आहे ते वेन्डेलला कळलं. गावाच्या राजकारणात महापौरापेक्षा, विद्यापीठाच्या कुलगुरूपेक्षा आज जोलीन ग्राबरचं वजन जास्त होतं. नाक दाबलं की तोंड उघडतं, आणि केसलरचं नाक त्या पहिल्या रांगेत बसलं होतं.

"ते केलंस तर तुला कुणी सांगितलं हे त्याला लगेच कळेल," तो म्हणाला.

"कळेलच." डेलफीनने त्याच्याकडे सरळ पाहिलं. "मग जाऊ की नको? तूच सांग."

पंधरा वर्षं चार राज्यांत दुय्यम कामं करत फिरल्यावर त्याला आपल्या गावात नोकरी मिळाली होती. दोन्ही मुली याच शाळेत होत्या. बायको म्हणाली होती, आता सामान बांधायला सांगितलंस तर तुझं एकट्याचं बांधीन. हे सगळं त्याच्या डोक्यातून गेलं, आणि डेलफीन वाट बघत उभी राहिली.

"जा," तो म्हणाला. म्हणाला खरा, पण तिला उशीर व्हावा असं मनाच्या एका कोपऱ्यात वाटत होतं, आणि त्याची त्याला तिथल्या तिथे लाज वाटली.

आत हॉस्टेटलर सर माइकवर उभे होते. शाळेचे म्हातारे कोच; वेन्डेललाही त्यांनीच शिकवलं होतं. वेन्डेलने दारातून बोट गोल फिरवून खूण केली, लांबवा. सरांना तेवढंच हवं होतं. त्यांनी आपल्या तरुणपणीच्या अंतिम फेरीची गोष्ट काढली, जिच्यातला शेवटचा बास्केट ते दर वर्षी आणखी चार पावलं लांबून मारत. मागच्या वर्षी तो अर्ध्या मैदानातून गेला होता. आज बहुधा आवाराबाहेरून जाणार, असं कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. टेव्हिनही हसला. तो टेबलामागे बसला होता. पुढ्यात फोन आणि दोन टोप्या, एक टॅलमनची हिरवी, एक ब्रायर हिलची लाल. कुठली उचलणार हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, तरी दोन ठेवायच्या ही रीत.

डेलफीन जोलीनच्या शेजारी जाऊन बसली आणि तिच्या कानाशी लागली. वेन्डेल जोलीनच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. आधी काहीच झालं नाही. मग जोलीनने पर्स उघडली, फोन काढला आणि कानाला लावला. या बाईला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं.

"मिस्टर केसलर? हो, आज रविवार नाही, माहीत आहे मला. मी शाळेत बसलेय, डेलफीन ओक्सच्या शेजारी. एकच विचारायचं होतं. उद्या तुम्ही माझ्या कोलला शब्द दिलात, तर तो किती महिने टिकतो?"

आसपासच्या दोन रांगा चिडीचूप झाल्या. टेव्हिनच्या कानाशी मात्र सरांचा माइक चालू होता.

"नाही, मी कुणाकडून ऐकलं ते सोडा. खरं आहे का तेवढं सांगा... हो, लोक ऐकतायत. गावच ऐकतंय... बरं. मग मी थांबते. दहा मिनिटं थांबते, नंतर कोलला घेऊन घरी जाते. आणि रविवारी आम्ही फोन उचलत नाही हं यापुढे."

हॉस्टेटलर सरांचा बास्केट एकदाचा पडला. टाळ्या झाल्या. त्यांनी दाराकडे पाहिलं. वेन्डेलने परत बोट फिरवलं. पण सरांच्या पोतडीत एवढंच होतं. "तर आता," ते म्हणाले, "ज्याच्यासाठी जमलोय तो पोरगा."

टेव्हिनने फोनवर नजर टाकली. पडदा काळा होता. त्याने माइक जवळ ओढला, खाकरला, परत फोनकडे पाहिलं. डेलफीन मुठी आवळून बसली होती. कुणीतरी मागून ओरडलं, "अरे उचल की टोपी, घोडं कुठं पेंड खातंय?" आपण आत जाऊन आता सगळं बोलून टाकावं असं वेन्डेलला वाटलं, त्याने दार ढकललंसुद्धा.

आणि टेबलावरचा फोन उजळला. टेव्हिनने वाचलं आणि त्याच्या सगळ्या चेहऱ्यावर हसू पसरलं. डेलफीनने मागे वळून वेन्डेलला अंगठा दाखवला. वेन्डेलने हात वर केला, तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला.

"पाठवलाय," केसलर म्हणाला. "ब्रॅनिगनचं माझं मी बघतो. तू सोमवारपासून येऊ नकोस. किल्ल्या ऑफिसात दे."

"कोच..."

"मी आता तुझा कोच नाही."

टेव्हिन बोलायला लागला होता.

"लोक मला विचारतात, गावातच का रे राहतोस, बाहेर पड, जग बघ. खरं सांगू? केसलर सर मला नीट ओळखतही नाहीत. एकदा ट्रेव्हर म्हणून हाक मारली होती त्यांनी." लोक हसले. "पण नववीपासून माझा एक सामना असा झाला नाही की कोच प्रुइट आले नाहीत. मी बाकावर बसायचो तेव्हापासून. त्यामुळे मी काही विद्यापीठ वगैरे निवडत नाहीये. मी माणूस निवडतोय." त्याने हिरवी टोपी उचलली. "कोच, दारात काय उभे राहता? या ना इकडे. फोटो काढायचाय."

सगळी व्यायामशाळा टाळ्या वाजवत वेन्डेलकडे वळली. तो चालायला लागला. आज काही बोलू नकोस, फोटो निघू देत, संध्याकाळी सांग. केसलरने नेमकं हेच सांगितलं होतं, आणि आता तसंच करणं किती सोपं होतं! पोराची जागा पक्की होती. एक तास गप्प बसायचं, बस्स.

टेबलाशी येऊन तो वाकला आणि त्याने माइक हाताने झाकला.

"टेव्हिन, सही करायच्या आधी ऐक. मी तिथे नसणार. आत्ताच काढलं मला."

टेव्हिनचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त डोळे बदलले. "का?"

"ते आई सांगेल. कागद खरा आहे, तो कुणी काढून घेणार नाही. पण केसलरला तू नको होतास. अजूनही नकोयस. तिथे तुला कुणी सहज खेळवणार नाही."

"मग सही करू की नको?"

"शिक्षण फुकट होतंय..."

"शिक्षणाचं नाही विचारलं, कोच. माझ्या जागी तुम्ही असता तर केली असती?"

लोकांच्या टाळ्या विरत चालल्या होत्या. पुढच्या रांगेत डेलफीन अर्धी उठली होती. काहीतरी चुकलंय हे तिला दिसलं होतं. वेन्डेलने उत्तर शोधलं. या पोराला आजवर त्याने प्रत्येक गोष्टीचं उत्तर दिलं होतं.

"मला नाही माहीत रे," तो म्हणाला.

टेव्हिनने आईकडे पाहिलं, तिच्या हिरव्या शर्टाकडे, मग फोनकडे. त्याने बोट टेकवलं आणि एकदाही न थांबता सही केली. टोपी डोक्यावर चढवली. गाव उभं राहिलं, बँड सुरू झाला, फोटोवाले पुढे घुसले. वेन्डेल मागे सरकायला लागला तशी टेव्हिनने त्याची बाही धरली.

"फोटोपुरतं तरी थांबा," तो समोर बघत म्हणाला.

वेन्डेल थांबला.