गवतात ठेवलेले पाडस

फेब्रुवारीच्या पिवळ्या, कोरड्या उन्हात आधी खराट्याची खरखर ऐकू यायची, मग हौसाबाई दिसायच्या. चाकणमागच्या डोंगरावर वणवा पसरू नये म्हणून पालापाचोळा झाडून त्या जाळरेषा काढत. काटक, किंचित वाकलेल्या, पदर कमरेला खोचलेला. खाली कारखान्यांचे पत्रे चकाकत आणि वर त्या उरल्यासुरल्या रानात चौशिंगा जातीच्या हरणाची एक मादी राही. शेळीएवढी, बुजरी, एकटी. ती रोज ठरल्या जागीच लेंड्या टाकी, त्यावरून बाई तिची खुशाली ओळखत. दोन दिवस ताजी लेंडी दिसली नाही की त्यांना घास गोड लागत नसे.

मी कंपनीतला इंजिनिअर. रविवारी डोंगर चढायचो आणि स्वतःला मोठा निसर्गप्रेमी समजायचो. अशाच एका रविवारी सकाळी उंच गवतात तिचे पाडस दिसले, जराही न हलता पडलेले. आई कुठेच नव्हती. भटक्या कुत्र्यांनी तिला मारले असणार, असे मीच ठरवले, पाडस शर्टात गुंडाळले आणि पराक्रम केल्यासारखा बाईंकडे धावलो.

खराटा थांबला.

"सायब, टाकून न्हाई गेली ती त्याला. ठिवून गेलीया. चरून आली की पाजती."

त्यांनी पाडस घेतले, माझा वास जावा म्हणून अंगावरून दवाने ओले गवत फिरवले आणि होते तिथे नेऊन ठेवले. "आता तिनं जवळ केलं तर खरं," एवढेच म्हणाल्या. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरे वाटले असते.

समोरच्या उतारावर आम्ही दिवसभर बसून राहिलो. ऊन कलताना मादी सागाच्या कडेला आली. तिने वारा हुंगला, पुढचा पाय उचलला, तो तसाच अधांतरी राहिला. मग ती मागे वळली. मला रडू कोसळले.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट बुडवून गेलो. गवत दबलेले होते, पाडस नव्हते. आईने नेले की कुत्र्यांनी, हे सांगणारी एकही खूण नव्हती.

"आईनंच नेलं आसंल," बाई म्हणाल्या. पण माझ्याकडे न बघता.

पुढच्या वर्षी हौसाबाई गेल्या. त्यांना खरे काय ते विचारायचे राहून गेले, असे मी सगळ्यांना सांगत आलो आहे. पण माणूस गेल्यावर आठवण स्वतःशी खोटे बोलू देत नाही. ते राहून गेले नव्हते, मी राहू दिले होते.